तीन गावांत ऑफिस, मग मेल सर्व्हर किती? ब्रँच उघडण्याआधी कंपनी ईमेलची घडी अशी बसवा



“सर, दुसऱ्या गावात ऑफिस घेतलंय. तिथे वेगळा ईमेल सर्व्हर टाकावा लागेल का?” प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. या वेळच्या व्हिडिओत त्यावर जेवढं बसलं तेवढं बोललो. पण यातल्या काही गोष्टी समोर ठेवून, आपलं लॉगिन उघडून, एकेक करून तपासायच्या आहेत. त्यासाठी हे लिखाण.

उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही, प्रत्येक ऑफिसात सर्व्हर लागत नाही. आपल्यासारख्या बहुतेक छोट्या व्यवसायांना एकाही ऑफिसात लागत नाही. पण “लागत नाही” म्हणजे “जीमेलवर चालू दे जसं चाललंय तसं” असा अर्थ घेऊ नका. खरा धोका तिथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचा हळद आणि मसाला पॅकिंगचा युनिट सांगलीत कुपवाड एमआयडीसीत आहे, मार्केटिंग ऑफिस पुण्यात आणि डेपो गोव्यात म्हापशाला. एकूण माणसं 14: सांगलीत 8, पुण्यात 4, म्हापशाला 2. सांगलीचे मेल मालकाच्या जुन्या जीमेलवर येतात. पुण्यात सेल्स सांभाळणाऱ्या मुलाने स्वतःच एक जीमेल उघडला, त्यात कंपनीचं नाव आणि पुढे ‘पुणे’ टाकलं. आपण म्हटलं, वा, हुशार आहे. म्हापशाला वेबसाइटवाल्याने होस्टिंगबरोबर फुकट दिलेला आयडी आहे, तो तिथल्या एकाच कॉम्प्युटरवर उघडतो. सगळं व्यवस्थित चाललंय. व्हिजिटिंग कार्डावर तीन वेगवेगळे पत्ते आहेत, पण ऑर्डर येतायत ना!

मग एक दिवस पुण्याचा मुलगा नोकरी सोडतो. भांडण नाही, काही नाही. त्याला चांगली संधी मिळाली.

आता बघा. तो आयडी त्याने उघडला, त्यावर मोबाइल नंबर त्याचा, रिकव्हरी ईमेल त्याचा. म्हणजे अकाउंट त्याचंच. चार वर्षांच्या परचेस ऑर्डर, रेटचे कोटेशन, पेमेंटच्या कबुल्या, सगळं त्यात. पुण्या-नगरचे दुकानदार अजून महिनाभर तरी त्याच पत्त्यावर ऑर्डर टाकत राहणार. तो भला माणूस असेल तर पासवर्ड देईल. तो दुसऱ्या मसाला कंपनीत गेला असेल तर? तुम्ही गूगलला कितीही लिहा, तो आयडी तुमच्या कंपनीचा होता याचा कागद तुमच्याकडे काहीच नाही. त्याने चोरी केलेली नाही, हे लक्षात घ्या. आपणच दुकानाची किल्ली त्याच्या नावावर करून दिली होती.

हेच जीएसटीच्या बाबतीतही होतं. पोर्टलवर नोंदवलेल्या ईमेलवर आणि मोबाइलवर ओटीपी येतो. रजिस्ट्रेशनच्या वेळी घाईत अकाउंटंटचा खासगी आयडी आणि नंबर टाकलेले असतात. तो सोडून गेला आणि लॉगिनही हातात नसलं, की त्या क्षेत्राच्या कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रं घेऊन जायचं आणि बदलून घ्यायचं. रिटर्नची तारीख तोंडावर असताना हे करायला कोणाला आवडेल? आज संध्याकाळी पोर्टल उघडून बघा, कोणाचा ईमेल आहे तिथे.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर अजून एक. कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 प्रमाणे लेटरहेड आणि बिलावर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन यांच्याबरोबर ईमेलही छापावा लागतो. तिथे कोणाचा खासगी आयडी छापणार आहात का?

आधी डोमेन, मग बाकी सगळं

डोमेन म्हणजे तुमच्या कंपनीच्या नावाचं डॉट इन किंवा डॉट कॉम. कंपनीच्या सगळ्या ईमेलचा पाया हा एवढाच. डोमेन तुमच्या हातात असेल तर आज एका कंपनीची मेल सेवा घ्या, दोन वर्षांनी दुसरीची घ्या, पत्ते तेच राहतात. ग्राहकाला कळतही नाही. डोमेन हातात नसेल तर सर्व्हर कितीही भारी असो, भाड्याच्या जागेवर बंगला बांधल्यासारखं आहे.

आणि इथेच आपल्याकडे गंमत असते. डोमेन बहुतेक वेळा वेबसाइट करून देणाऱ्याने स्वतःच्या लॉगिनमध्ये घेतलेलं असतं. त्याच्या मनात काही वाईट असतं असं नाही, त्याला ते सोयीचं पडतं. पण रिन्युअल त्याच्या लक्षात राहिलं नाही, किंवा त्याने धंदाच बंद केला, तर सांगली, पुणे आणि म्हापसा एकाच दिवशी गप्प. वेबसाइट बंद पडलेली आपल्याला चार दिवस कळत नाही. मेल बंद पडला की दुपारपर्यंत फोन सुरू होतात, “अहो, तुमचा मेल बाउन्स होतोय.”

म्हणून रजिस्ट्रारच्या साइटवर कंपनीच्या नावाने स्वतंत्र अकाउंट उघडा आणि डोमेन त्यात हलवून घ्या. नोंदणीत मालक म्हणून कंपनीचं नाव हवं. डोमेन एका वेळी 10 वर्षांपर्यंत घेता येतं. तीन-पाच वर्षांचे पैसे भरून टाका आणि ऑटो-रिन्यू चालू ठेवा. अजून एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही: रजिस्ट्रारच्या अकाउंटला जो ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन संपलं की तो मेलबॉक्सही बंद, आणि रिन्युअलची आठवण व पासवर्ड रीसेटची लिंक नेमकी त्याच बंद मेलबॉक्सात जाऊन पडणार. तिथे मालकाचा वेगळा आयडी द्या.

प्रत्येक ब्रँचला सर्व्हर, ही कल्पना आली कुठून?

ती अगदीच वेडगळ नव्हती. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 ला सुरू केलं. त्यानंतर बरीच वर्षं लाइन संथ आणि महाग होती. एकाच ऑफिसातल्या दोघांनी एकमेकांना पाठवलेली फाइल बाहेर जाऊन परत यायची म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही. मोठ्या कंपन्या म्हणून प्रत्येक शाखेत मेल सर्व्हर ठेवायच्या, शाखेतला मेल शाखेतच फिरायचा. आज म्हापशाच्या डेपोतही फायबर नाहीतर मोबाइल डेटा आहे. ते कारणच उरलं नाही. पण सल्ला मात्र तसाच एका हार्डवेअरवाल्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला.

आता तांत्रिक बाजू, थोडक्यात. जगातून कोणी तुमच्या डोमेनवर मेल पाठवला की त्याचा सर्व्हर आधी डीएनएसमध्ये तुमचा ‘एमएक्स रेकॉर्ड’ बघतो. या डोमेनचे मेल कोणत्या मशीनला द्यायचे, हे त्यात लिहिलेलं असतं. हा रेकॉर्ड अख्ख्या डोमेनसाठी असतो, ‘पुण्याच्या माणसांसाठी हा आणि गोव्याच्या माणसांसाठी तो’ असं त्यात लिहिता येत नाही. म्हणजे एकाच नावाखाली तीन गावांत तीन सर्व्हर ठेवले तर सगळे मेल आधी एकाकडे येणार, मग त्याने बघायचं की हा माणूस कुठे बसतो, आणि तिकडे ढकलायचं. माणूस पुण्याहून सांगलीला बदलून गेला की परत सेटिंग. तीन ठिकाणी बॅकअप, तीन ठिकाणी अपडेट, आणि बिघाड कुठे आहे हे शोधायला कोण? तुम्हीच.

“ठीक आहे, तीन नको. सांगलीला एकच आपला सर्व्हर ठेवू, महिन्याचे पैसे वाचतील.” हेही ऐकतो. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि उत्तम आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मेल ‘घेणं’ सोपं आणि ‘पोहोचवणं’ अवघड, हे समजून घ्या. स्वतःच्या सर्व्हरवरून मेल जायला स्टॅटिक आयपी लागतो. पोर्ट 25 उघडा लागतो, तो अनेक इंटरनेट कंपन्या बंद ठेवतात. त्या आयपीचा रिव्हर्स डीएनएस तुमच्या सर्व्हरच्या नावाशी जुळवून द्यावा लागतो, तो इंटरनेट कंपनीच करून देऊ शकते. हे सगळं झालं तरी स्पॅमहॉससारख्या संस्थांच्या ब्लॉकलिस्ट असतात. घरगुती ब्रॉडबँडचे आयपी तर त्यांच्या एका यादीत मुळातच टाकलेले असतात. तुमचं कोटेशन अगदी प्रामाणिक असेल, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडलं तर ते पाठवलं काय, न पाठवलं काय.

पुढे लाइट, यूपीएस, बॅकअप, सिक्युरिटी अपडेट. शिवाय सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉग 180 दिवस ठेवायचे आणि सायबर घटना घडली तर 6 तासांत कळवायची. आणि कोणी “कंपनीतून काढलेला एक्सचेंज सर्व्हर स्वस्तात देतो” म्हणालं तर आवृत्ती विचारा. एक्सचेंज 2016 आणि 2019 या दोन्हींचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला संपवला. असा सर्व्हर इंटरनेटला जोडणं म्हणजे गोडाऊनचं शटर अर्धं वर ठेवून घरी जाणं.

पगारावर आयटीचा माणूस असेल, शेकड्यांनी मेलबॉक्स असतील, किंवा ग्राहकाची अटच असेल की डेटा आमच्या आवारात ठेवा, तर स्वतःच्या सर्व्हरचा विचार जरूर करा. बाकीच्यांनी सेवा भाड्याने घ्यावी, हे माझं स्पष्ट मत. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट 365, आणि आपल्या चेन्नईच्या झोहोचं झोहो मेल, ही तीन नावं सगळ्यांच्या ओळखीची. दर बदलत असतात, म्हणून इथे लिहीत नाही. हिशोब मात्र असा करा: एका मेलबॉक्सचा महिन्याचा दर, गुणिले मेलबॉक्स, गुणिले 12, अधिक 18 टक्के जीएसटी. नियमित जीएसटी भरत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये असाल तर तोही खर्चच.

माणसं 14, मेलबॉक्स किती?

14 नाही. पॅकिंग लाइनवरच्या माणसाला कंपनीचा मेल लागत नाही. सांगलीत मालक, अकाउंट्स, खरेदी आणि डिस्पॅच असे 4, पुण्यात 3, म्हापशाला 1. झाले 8. ब्रँच वाढली म्हणून खर्च दुप्पट होत नाही, फक्त तिथे मेल लिहिणारी माणसं जितकी, तितका वाढतो.

आता पत्ते. दोन प्रकारचे करा. एक माणसाच्या नावाचा, ज्यात तो माणूस लॉगिन करतो. दुसरा कामाचा: सेल्स, अकाउंट्स, डिस्पॅच, पुणे, गोवा. कार्डावर, बिलावर, पोर्टलवर, सगळीकडे कामाचाच पत्ता छापा. माणूस बदलला तरी कार्ड बदलावं लागत नाही.

पण या कामाच्या पत्त्याचा पासवर्ड करून चौघांना वाटू नका! आपल्याकडे सर्रास हेच होतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं की ओटीपी एकाच्याच फोनवर जातो, बाकीचे त्याला फोन करत बसतात. मग कंटाळून ते व्हेरिफिकेशनच बंद करतात. आणि ग्राहकाला चुकीचा रेट कोणी कळवला हे शेवटपर्यंत कळत नाही. याला सोपे उपाय आहेत. पत्ता एकाच माणसाकडे जायचा असेल तर ‘अलियास’ करा. गूगलमध्ये एका युजरला असे 30 पर्यंत अलियास जादा पैसे न देता मिळतात. अनेकांकडे जायचा असेल तर ग्रुप. मायक्रोसॉफ्टमध्ये ‘शेअर्ड मेलबॉक्स’ असतो आणि 50 जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्सही लागत नाही. म्हणजे पुण्याचा ‘सेल्स’ पत्ता तिघं जण आपापल्या लॉगिनमधून बघतील, उत्तर कोणी दिलं तेही दिसेल.

काही जण प्रत्येक गावाला वेगळं सबडोमेन करतात, पुणे डॉट कंपनी डॉट इन असं. दिसायला मोठं दिसतं. पण मग प्रत्येकाचे रेकॉर्ड वेगळे सांभाळा, आणि ग्राहक हमखास चुकीच्या पत्त्यावर मेल टाकणार. 14 माणसांच्या कंपनीने हा थाट करू नये.

ॲडमिनचं लॉगिन दोघांकडे असावं, एक मालक आणि एक विश्वासाचा माणूस. सेटअप करून देणारा व्हेंडर एकटाच ॲडमिन, असं कधीही नको.

तीन रेकॉर्ड, ज्यांच्याशिवाय तुमचं बिल स्पॅममध्ये जाईल

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. नावं अवघड आहेत, काम सोपं आहे. एसपीएफ म्हणजे ‘आमच्या नावाने मेल पाठवायला हे सर्व्हर अधिकृत आहेत’ अशी जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर तुमच्या डोमेनची डिजिटल सही. डीमार्क म्हणजे या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं, ही समोरच्या सर्व्हरला तुमची सूचना. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले. प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, आणि जीमेलवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही हवेत. आपण 5000 पाठवत नाही, तरी तिन्ही करून ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ब्रँचवाल्यांची गाडी अडते ती एसपीएफमध्ये. पुण्याने स्वतःचं बल्क मेलचं सॉफ्टवेअर घेतलं, वेबसाइटचा चौकशी फॉर्म होस्टिंगच्या सर्व्हरवरून मेल टाकतो, म्हापशाच्या बिलिंगवाल्याने आपला वेगळा सर्व्हर जोडून दिला. हे सगळे तुमच्याच नावाने मेल पाठवतात आणि यादीत नसतात. मग कोणीतरी दुसरा एसपीएफ रेकॉर्ड टाकतो आणि सगळंच बिघडतं. एका डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड एकच चालतो, जे काही आहे ते त्यातच जोडायचं. त्यातही डीएनएसमध्ये शोधावं लागणाऱ्या नोंदी 10 च्या वर गेल्या की रेकॉर्ड फेल होतो. म्हणून आधी तिन्ही ऑफिसांना विचारा: कंपनीच्या नावाने कुठून कुठून मेल जातो? कागदावर लिहा, मग रेकॉर्ड करा. डीमार्क सुरुवातीला ‘नन’वर ठेवा, काही आठवडे रिपोर्ट बघा, मग ‘क्वारंटाइन’, शेवटी ‘रिजेक्ट’. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावलं तर तुमचीच बिलं परत येतील.

हलवायचा दिवस

शनिवारी संध्याकाळ बरी. दोन दिवस आधी एमएक्स रेकॉर्डचा ‘टीटीएल’ कमी करून 300 सेकंद करा, म्हणजे बदल लवकर पसरतो. नव्या जागी सगळे मेलबॉक्स आणि कामाचे पत्ते आधी तयार हवेत, एमएक्स सगळ्यात शेवटी बदलायचा. जुनी जागा लगेच बंद करू नका, काही दिवस तिथेही डोकावत राहा. मधल्या काळात थोडी गडबड झाली तरी घाबरू नका. सर्व्हर सापडला नाही तर पाठवणारा सर्व्हर मेल लगेच परत करत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. नियमांत तर 4 ते 5 दिवस प्रयत्न करत राहावं असं सांगितलेलं आहे.

जुने मेल आणायचं काम मात्र म्हापशाला जड जाईल. तिथला कॉम्प्युटर ‘पॉप’वर आहे. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून खाली उतरतो आणि बहुतेक वेळा सर्व्हरवरून पुसला जातो, म्हणजे सगळी वर्षं त्या एका हार्ड डिस्कवर, आउटलुकच्या एका पीएसटी फाइलमध्ये. पावसाळी दमट हवा, चढउतार होणारी लाइट, बॅकअप नाही. कोणीतरी तिथे जाऊन त्या फाइलची आधी कॉपी घ्यावी, मग अपलोड. नव्या सेटअपमध्ये ‘आयमॅप’ किंवा कंपनीचं ॲप वापरा, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि फोनवरही तोच दिसतो. डेपोची लाइन तुटली तरी काम थांबत नाही.

पैशाचा मेल

ब्रँच असलेल्या कंपन्यांना गंडवणं सोपं असतं, कारण माणसं एकमेकांना मेलवरच ओळखतात. चोर एखाद्याच्या मेलबॉक्सात शिरतो, गुपचूप फॉरवर्डिंगचा नियम लावतो, आठवडाभर फक्त वाचत बसतो. मोठं बिल दिसलं की कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेल्या डोमेनवरून लिहितो: “आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे.” भाषा तीच, सहीचा मजकूर तोच, जुना मेलही खाली जोडलेला. डीमार्कसुद्धा इथे मदत करत नाही, कारण ते डोमेन तुमचं नाहीच.

म्हणून तिन्ही ऑफिसांत एकच नियम: खातं बदललं असा मेल कोणाचाही असो, अगदी मालकाचा असो, जुन्या माहितीतल्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे जाणार नाहीत. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही! पैसे गेलेच तर त्याच तासाला 1930 ला फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका आणि बँकेलाही कळवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सगळ्या 8 मेलबॉक्सना सक्तीचं करा, आणि महिन्यातून एकदा फॉरवर्डिंगचे नियम तपासा.

आता पुन्हा पुण्याचा मुलगा नोकरी सोडतोय असं समजा. शेवटच्या दिवशी ॲडमिन त्याचा पासवर्ड बदलतो, सगळ्या डिव्हाइसवरून साइन-आउट करतो, त्याचा पत्ता नव्या माणसाकडे वळवतो. सेल्सच्या ग्रुपमधून त्याचं नाव जातं. अकाउंट लगेच डिलीट करायचं नाही, आधी डेटा दुसऱ्याच्या नावावर घ्यायचा. डिलीट केलेला युजर गूगलमध्ये 20 दिवस आणि मायक्रोसॉफ्टमध्ये 30 दिवसच परत आणता येतो. सगळं मिळून पंधरा मिनिटं. सोमवारी दुकानदाराची ऑर्डर ‘सेल्स’वर येते आणि नवीन मुलगी उत्तर देते. जुन्या मुलाला निरोपाचा चहा पाजा, त्याच्याशी वाकडं येण्याचं काही कारणच राहत नाही.

पुढच्या व्हिडिओत डीएनएसचं पान स्क्रीनवर उघडून हे तिन्ही रेकॉर्ड टाकून दाखवतो. त्याआधी तुमचं डोमेन कोणाच्या लॉगिनमध्ये आहे ते शोधून ठेवा, नाहीतर ते पान तुमच्याकडे उघडणारच नाही.